वर्कशीट नको, प्रश्न पाठवा

शिक्षण खात्यातले अधिकारी, अभ्यासक्रम आखणारे तज्ज्ञ आणि खेड्यांतल्या शाळांचे वर्गशिक्षक यांना

स.न.वि.वि.

कोविडच्या साथीच्या दिवसांत एखाद्या घराला क्वारंटाइन लागलं की शाळेकडून त्या घरात काय यायचं, ते तुम्हाला परिपत्रकातून ठाऊक आहे आणि मला आमच्या घरातल्या एकुलत्या एका फोनवरून. सकाळी वेळापत्रक. त्यापाठोपाठ वर्कशीटचा फोटो. 'सोडवून फोटो टाका.' आणि दिवेलागणीला, ज्यांनी टाकला नाही त्यांची नावं, सगळ्या ग्रुपला दिसतील अशी. आमची दोन्ही पोरं त्या यादीत नेमाने असायची. दिवसभर ती काय करत होती, हे मात्र शाळेने एकदाही विचारलं नाही. माझी तक्रार तेवढीच आहे, आणि मागणीही त्यातूनच निघते.

रेंजचं आणि डेटाचं रडगाणं मी गाणार नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा जगातल्या किमान 46 कोटी 30 लाख मुलांपर्यंत दूरशिक्षण पोचूच शकत नव्हतं, असं युनिसेफने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगितलं. आणि अशा दर चार मुलांमधली तीन खेड्यांत किंवा सगळ्यांत गरीब घरांत राहणारी होती. हे तुम्ही माझ्याआधी वाचलं असेल. त्यावर उपाय म्हणून टॉवर उभारा, टॅब वाटा, माझी ना नाही. पण टॅबवरही तेच वर्कशीट येणार असेल तर आमच्या घरात फरक इतकाच पडेल की यादीतून नाव वगळलं जाईल.

अशा वेळी एक गोष्टही हमखास फिरते. 1665 मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, न्यूटन वूल्सथॉर्पच्या घरी गेला आणि तिथे एकट्याने बसून त्याने गणित आणि भौतिकशास्त्र बदलून टाकलं. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण न्यूटन तेव्हा बावीस वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला, हवी ती पुस्तकं पचवून बसलेला होता. शिवाय शेतावरच्या कामातून तो काही शिकला, असंही नाही. आईने त्याला शाळेतून काढून शेतकरी करायचा प्रयत्न केला होता, तो साफ फसला म्हणून तर त्याला पुन्हा शाळेत पाठवलं. पहिलीतल्या पोराच्या आईला या गोष्टीचा काडीचा उपयोग नाही.

आता आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगते.

क्वारंटाइन म्हणजे काय, हे मुलांना समजावण्यासाठी मला कुठलाही व्हिडिओ लागला नाही. नवी शेळी विकत आणली की ती लगेच कळपात सोडत नाहीत. दोन-तीन आठवडे वेगळी बांधतात, तिचं पाणी वेगळं, तिच्याकडे जायचं ते सगळ्यांत शेवटी, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. 'म्हणजे आपण सगळेच नवी शेळी झालो का?' असं धाकट्याने विचारलं. मग पाचवीतल्या मोठीचा प्रश्न आला: दिवस चौदाच का, दहा का नाहीत? संसर्ग शरीरात शिरतो आणि लक्षणं दिसतात, या दोहोंच्या मध्ये काही दिवस जातात. कोविडमध्ये बहुतेकांना चौदा दिवसांच्या आत लक्षणं दिसतात, म्हणून तेव्हा तितके दिवस थांबायचा नियम होता. तिचा पुढचा प्रश्न होता, 'बहुतेकांना म्हणजे किती जणांना?' इथे माझं ज्ञान संपलं. याच ठिकाणी शिक्षक हवा होता. शिक्षक फोनमध्ये होते, पण फक्त फोटो मागत होते.

पावसाचं तर मी कुणालाही सांगत सुटते. सरळ कडांचा एक रिकामा डबा आम्ही अंगणात, झाडापासून आणि छपरापासून दूर ठेवला. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर आहे ते पाहायचं, लिहायचं, डबा पालथा करायचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की पाणी बरोबर एक लिटर होतं. हे कळल्यावर मोठीने छप्पर मोजायला घेतलं. आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, म्हणजे चाळीस चौरस मीटर. एका रात्री पंचवीस मिलिमीटर पडला. पंचवीस चोक शंभर आणि वर एक शून्य: हजार लिटर! ती पळत टाकीकडे गेली तर टाकीतलं पाणी त्याहून बरंच कमी. तिला वाटलं गणित चुकलं. गणित बरोबर होतं. पन्हळ एका सांध्याला गळत होती, कडेचं पाणी वाऱ्याने बाहेर उडत होतं, आणि सुरुवातीचा थोडा पाऊस छप्पर भिजवण्यातच गेला होता. मग गळतीखाली बादली लावून ती किती वेळात भरते ते पाहिलं. क्षेत्रफळ, घनफळ, वेळ, तासाला किती लिटर, आणि 'उत्तर बरोबर असूनही प्रत्यक्षात तसं का होत नाही' हा सगळ्यांत मोठा धडा, हे सारं एका डब्यातून निघालं. त्या दिवशी आलेल्या वर्कशीटवर आयताच्या क्षेत्रफळाची गणितं होती. ती कोरी राहिली आणि तिचं नाव यादीत गेलं.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली त्याची तारीख धाकट्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आणि त्यापुढचे एकवीस दिवस मोजून गोल केला. एकेक दिवस खोडताना तो वीसच्या पुढचे आकडे शिकला. एरवी त्याची गाडी एकोणीसवर अडायची. आठवड्याने अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरली, तर काही अंड्यांत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक हलणारा ठिपका. काही अंडी मात्र नुसती उजळली. ती का उजळली, हे आजीने तिच्या भाषेत सांगितलं, मी माझ्या. दोघींची उत्तरं जुळली नाहीत. ते भांडण मुलांनी फार आवडीने ऐकलं.

काचेच्या बरणीत वाळू आणि मातीचे थर घालून त्यात गांडुळं सोडणं, वर काळा कागद गुंडाळणं, आणि काही दिवसांनी थर कसे एकमेकांत मिसळले ते पाहणं, हा प्रयोग कुणालाही जमतो. चार्ल्स डार्विननेही केंटमधल्या आपल्या खेड्यातल्या घरी हाच उद्योग वर्षानुवर्षं केला आणि 1881 मध्ये तो छापला. कुंड्यांमधल्या गांडुळांना ऐकू येतं का हे पाहण्यासाठी त्याच्या घरच्यांनी शिट्टी फुंकली, बासून नावाचं फुंकून वाजवायचं मोठं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. गांडुळांनी ढिम्म दाद दिली नाही. कुंडी पियानोवरच ठेवून सूर छेडला तेव्हा मात्र ती बिळात पळाली, कारण त्यांना आवाज नाही, पण कंप कळतो. अख्खं घर एका प्रश्नामागे लागलेलं आहे, हे चित्र मला न्यूटनच्या एकांतापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

तर, तुम्ही म्हणाल, छान चाललंय की तुमचं. मग पत्र कशाला?

पत्र अशासाठी की हे सगळं आपोआप शिक्षण होत नाही. खेड्यातलं मूल निसर्गाच्या शाळेत शिकतं, त्याला आणखी काही द्यायची गरज नाही, असं भाबडं बोलणारे लोक मला वर्कशीटवाल्यांइतकेच नकोसे वाटतात. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात तेरेझिन्या नुनेश या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बाजारात विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता. तो 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. एका बारा वर्षांच्या मुलाला 35 क्रुझेरोचा एक, असे दहा नारळ मागितले. त्याने तिनांचे 105 धरले, आणखी तिनांचे मिळवून 210, आणखी तीन म्हणजे 315, आणि राहिलेला एक मिळवून 350 सांगितले. दहाने गुणताना शून्य द्यायचं, ही शाळेतली युक्ती त्याने वापरलीच नाही, तरी उत्तर बिनचूक. बाजारात या मुलांची सुमारे 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर, नुसत्या अंकांची म्हणून दिली तेव्हा बरोबर उत्तरं 37 टक्क्यांवर घसरली.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. वर्कशीट पाहून 'या मुलाला गुणाकार येत नाही' असं ठरवणारा शिक्षक चुकतो. आणि 'त्याला व्यवहारात येतंय ना, मग कागदाची काय गरज' म्हणणारा पालकही चुकतो, कारण पुढची सगळी दारं कागदाचीच आहेत. हाताला येतं ते कागदावर उतरवायला मधे कुणीतरी लागतं. ते काम आईबाप थोडंफार करतील, आजी थोडं करेल. पण नेमकं कुठे बोट ठेवायचं हे ज्याने शिकून घेतलंय असा माणूस म्हणजे शिक्षक. क्वारंटाइनमध्ये आम्हाला त्याचीच उणीव होती.

मला हवा आहे आठवड्यातून एकदा, साध्या फोनवर, दहा मिनिटांचा फोन. व्हिडिओ नको, इंटरनेट नको. फोन मुलाच्या हातात द्यायचा आणि शिक्षकाने विचारायचं: या आठवड्यात घरात काय मोडलं, आणि कसं दुरुस्त केलं? काय काय मोजलंस, कशाने मोजलंस? झाडाची सावली सगळ्यांत आखूड कधी होती, तेव्हा घड्याळात बारा वाजले होते का? असं काय पाहिलंस ज्याचं कारण आईलाही सांगता आलं नाही? मूल बोलेल, शिक्षकाने ऐकायचं आणि शेवटी एकच काम द्यायचं: 'आता हे वहीत लिही,' किंवा 'पुस्तकातला अमुक धडा उघड, तुझं उत्तर तिथे आहे.' अभ्यासक्रम तिथे आपल्या पायांनी चालत येतो.

वेळ कुठून आणायचा, असं वर्गशिक्षक विचारतील. तीस मुलांना प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे आठवड्याला पाच तास. तिरके, अंधूक, अंगठा आलेले फोटो मोठे करून तपासण्यात याहून जास्त वेळ जातो, हे एका शिक्षिकेनेच मला सांगितलं. आणि यात नवंही काही नाही. 1937 मध्ये शिकागोत पोलिओमुळे शाळा उघडणं लांबलं, तेव्हा तिसरी ते आठवीच्या मुलांना रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ दिले गेले आणि त्यांचा तपशील वर्तमानपत्रांत छापला गेला. त्यासोबत पालकांच्या शंका ऐकायला शिक्षक टेलिफोनवर बसवले होते. रेडिओचं सगळ्यांना आठवतं. टेलिफोनवर बसलेल्या त्या शिक्षकांचं महत्त्व मला जास्त वाटतं.

ज्या घरात आईबापांना लिहिता-वाचता येत नाही तिथे तर हा फोन वर्कशीटपेक्षा कितीतरी न्याय्य ठरेल. वर्कशीट नकळत आईबापांचीच परीक्षा घेतं.

वाचनाबद्दल मात्र थोडं वेगळं बोलायला हवं. शेळ्या, पाऊस, कोंबड्या यांच्याकडून अक्षरओळख होत नाही. पाचवीतल्या मुलीचं वाचन महिनाभर थांबलं तर तिचं फार बिघडत नाही. पहिलीतल्या मुलाचं बिघडतं. आम्ही बियाण्याच्या पिशवीवरचं, औषधाच्या खोक्यावरचं, जुन्या रद्दीतलं वाचून काढलं. सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा: तो सांगायचा, मी त्याच्याच शब्दांत लिहायची, आणि मग तेच तो बोट ठेवून वाचायचा. स्वतःचं वाक्य माणूस चिकाटीने वाचतो. पण त्यालाही मर्यादा आहे. रोज शेळीची गोष्ट किती वाचणार? घराच्या फाटकाशी कुणीतरी पाच गोष्टीची पुस्तकं, एक कोरी वही आणि दोन पेन्सिली असलेली पिशवी ठेवून गेलं असतं, तर तेवढ्याने आमचं काम झालं असतं. पिशवी फाटकाशी ठेवणाऱ्याला घरातल्या कुणाच्या जवळही यावं लागत नाही. शाळेच्या कपाटात ती पुस्तकं तेव्हा कुलूपबंद होती.

आता ज्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ते. 'रोजच्या कामातून शिक्षण' असं परिपत्रक उद्या तुम्ही काढलंत, तर काही घरांत त्याचा अर्थ 'पोरांना कामाला लावा, शाळेचीच परवानगी आहे' असा होईल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी 2021 मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार 2020 च्या सुरुवातीला जगात 16 कोटी मुलं बालमजुरीत होती, आणि त्यांतली 70 टक्के शेतीत. म्हणजे मजुरी सगळ्यांत जास्त आहे ती आमच्याच अंगणात. कामातून शिक्षण ही कल्पना गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडली, तेव्हाही मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा या भागावर टीका झाली होती की यातून शाळेचा कारखाना होईल. ती शंका फेकून देण्याजोगी नव्हती.

आणि मुलींवर हा भार आधी पडतो. शाळा बंद, घरात आजारी माणूस, मग पाणी कोण आणणार, भांडी कोण घासणार, धाकट्याला कोण सांभाळणार? सिएरा लिओनमध्ये इबोलामुळे बंद झालेल्या शाळा 2015 च्या एप्रिलमध्ये उघडल्या तेव्हा दरम्यानच्या काळात गरोदर राहिलेल्या मुलींना वर्गात बसायलाच बंदी होती. ती बंदी उठायला मार्च 2020 उजाडला. घर बंद असतं तेव्हा मुलींचं काय काय बंद होतं, ते फोटोंच्या यादीत दिसत नाही. दर आठवड्याला मुलीशी थेट बोलणारा शिक्षक असेल तर निदान कुणाच्या तरी कानावर येईल.

काम कुठे संपतं आणि मजुरी कुठे सुरू होते, याची माझी कसोटी साधी आहे. काम मध्येच थांबवून मुलाला प्रश्न विचारता येतो का, आणि मोठं माणूस उत्तर द्यायला थांबतं का? पहिली दहा रोपं लावताना मूल अंतर, खोली, मुळं, पाणी असं बरंच काही शिकतं. पाचशेवं रोप लावताना त्याची फक्त पाठ दुखते. शिक्षकाने फोनवर मुलीला 'आज किती वेळ काम केलंस?' आणि 'खेळलीस का?' हे दोन प्रश्न न चुकता विचारावेत. त्यांची उत्तरं कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा मोलाची आहेत.

क्वारंटाइन लागतं तेव्हा घरात बहुधा कुणीतरी आजारी असतं, हेही परिपत्रकं लिहिताना विसरलं जातं. आजीचा ताप उतरत नव्हता त्या दिवसांत आम्ही काहीच शिकलो नाही, शिकवलं नाही. मुलांनी दाराबाहेर बसून तिला हाका मारल्या, एवढंच. अशा दिवसांची गैरहजेरी लावू नये, आणि त्याचा खुलासाही मागू नये. मुलांना सोबत्यांची उणीव भासते, ती तर घरातलं कुणीच भरून काढू शकत नाही. तिथे माझ्याकडेही उपाय नाही.

शाळा पुन्हा सुरू झाली की पहिल्याच दिवशी चाचणी घेण्याची घाई सगळ्यांना होते. किती मागे पडली, ते मोजायचं असतं. मोजा, पण आधी वही मागा. माझ्या मुलीच्या वहीत पावसाचे आकडे आहेत, गळक्या पन्हळीचं चित्र आहे, आणि एका पानावर 'बहुतेकांना म्हणजे किती?' हा प्रश्न अजून तसाच आहे. वही समोर ठेवून तिला पाच मिनिटं बोलू द्या, मग ठरवा ती कुठल्या धड्यावर आहे. गुण कसे द्यायचे, असा प्रश्न पडणार असेल तर त्या महिन्याचे गुण देऊ नका. एका महिन्याचे गुण नसल्याने कुणाचं काही अडत नाही.

साथ पुन्हा येईल. माणसांची येईल, नाहीतर जनावरांची येईल आणि गावं बंद होतील. तेव्हा घाईत परिपत्रक काढण्यापेक्षा ते आत्ताच तयार ठेवा. त्यात पुस्तकांची पिशवी कोण आणि किती दिवसांत पोचवणार ते लिहा. फोनचा खर्च शिक्षकाच्या खिशातून जाणार नाही, हे लिहा. ही बाब क्षुल्लक दिसते, पण फोन येतो की नाही ते यावरच ठरतं. मुलाने घरकामात जास्तीत जास्त किती वेळ घालवावा त्याची मर्यादा लिहा. आणि एक ओळ ठळक अक्षरांत: क्वारंटाइनमधल्या घरांकडून फोटो मागू नयेत, आणि कुणाच्याही नावाची यादी ग्रुपवर टाकू नये.

कळावे,

आपली,
पहिली आणि पाचवीतल्या मुलांची आई